यंदाचा नाताळ कसा करायचा? (गोवा, आमच्या वाड्याची पंचाईत)

मोगरेवेल | ५ डिसेंबर २०२०, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माहेर सावंतवाडीचं, सासर बार्देसमधलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण लिहिण्याची भाषा मराठीच राहिली, म्हणून इथेच विचारते.

यंदा वाड्याच्या नाताळ समितीत माझं नाव आलंय. एरवी मान असतो, यंदा डोकेदुखी आहे. रविवारी चर्चच्या आवारात बैठक झाली, सगळे तोंडाला मास्क लावून ओरडत होते. तीन प्रश्न सुटले नाहीत.

१) मध्यरात्रीचं मीस, म्हणजे नाताळची चर्चमधली प्रार्थना. दरवर्षी चर्चसमोरच्या मैदानात नऊशे खुर्च्या मांडतो, तरी मागे तरुण पोरं मोटारसायकलींवर बसून मीस ऐकतात. यंदा काय?

२) गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. वाड्यावर एकच मोठा गोठा होतो, तोही स्पर्धेचा. बघायला आसपासच्या गावांतून माणसं येतात. करावा की नाही?

३) आणि खरा वाद याच्यावर झाला. ताटं. नाताळच्या सकाळी नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बिबिंक असं ताट भरून वर विणलेला रुमाल टाकून घरोघर पाठवायचं, हिंदू शेजाऱ्यांकडे आधी. अर्धी समिती म्हणते यंदा नकोच, उगाच कोणाच्या घरात आजार गेला तर वर्षभर बोलणी. अर्धी म्हणते मग नाताळ कशाला म्हणायचं?

तुमच्याकडे गणपतीत, दिवाळीत काय केलंत ते सांगा. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही की ६५च्या वरच्यांनी घरीच राहायचंय. ते काम माझ्याकडे आलंय.

रापणकार | ५ डिसेंबर, रात्री ९:५२

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत: ताटं माझ्या पत्त्यावर पाठवा, मी एकटाच धोका पत्करतो.

घुमट | ५ डिसेंबर, रात्री १०:२०

फोंड्याहून. आमच्याकडे चवथ २२ ऑगस्टला झाली, तेव्हा असाच गोंधळ होता. मुंबई-पुण्याची भावंडं आलीच नाहीत. आमच्या मोठ्या घरात चवथीला चाळीस पानं वाढायची सवय, यंदा नऊ जण होतो. भटजी सकाळी सहाला आले, अंगणातूनच मंत्र म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. शेजारच्या घरी तर मोबाईलवर पूजा लावून भावाने केली. मधे जाहिरात लागली, आणि गणपतीसमोर एक बाई केसांचं तेल विकू लागली.

माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळापानांची चौकट, मात्र आम्ही कमी केली नाही. बाजारात जायला नको म्हणून रानातलं, कुळागरातलंच बांधलं. म्हातारे म्हणाले, पूर्वी अशीच असायची.

आरतीला घुमटं वाजली, पण पाचच जण. पाच जणांची आरती म्हणजे काय ते वाजवणाऱ्यालाच कळेल. हात दुखतात, आवाज भरत नाही, पण थांबवतही नाही.

ताटांबद्दल: चवथीच्या नेवऱ्या आम्ही ख्रिश्चन शेजाऱ्यांकडे पाठवल्या. फक्त डब्यात घालून, फाटकावर ठेवून, हाक मारून मागे सरायचं. त्यांनी घेतल्या. आता तुम्ही नाही पाठवल्यात तर वाईट वाटेल, खरं सांगतो.

शेजारीण | ५ डिसेंबर, रात्री ११:०५

घुमट +१. आमच्याकडे मांसाचं काही घेत नाहीत हे शेजारच्या बाईंना तीस वर्षं माहीत आहे, म्हणून आमचं ताट वेगळं येतं, आणि दोदोल जास्त येतो. माडाच्या गुळाचा काळा, चमकणारा, सुरीला चिकटणारा दोदोल. त्यासाठी मी करोनाशी बोलणी करायला तयार आहे.

कागदीबाण | ६ डिसेंबर, सकाळी ७:३०

एक विचारू? कॅसिनो १ नोव्हेंबरपासून चालू. १२ तारखेला जिल्हा पंचायतीची निवडणूक. बागाच्या किनाऱ्यावर जाऊन बघा, दिल्ली-गुजरातच्या गाड्या रांगेत, मास्क हनुवटीला. आणि आमचे चर्चवाले खुर्च्या मोजत बसलेत. ३ तारखेला गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त झालं, जुन्या गोव्यात भाविकांविना, लोकांनी घरी बसून मोबाईलवर बघितलं. सगळा धाक फक्त देवाला भेटायला जाणाऱ्यांना का?

डॉ. रातांबा | ६ डिसेंबर, सकाळी ८:१५

कागदीबाण, संताप समजतो, पण विषाणू बिल बघत नाही की कॅसिनोचं आहे की चर्चचं.

मी एका आरोग्य केंद्रात आहे. मूळ प्रश्नाला धरून बोलतो. धोका तीन गोष्टींचा: बंद जागा, जास्त वेळ, आणि मोठ्याने तोंड उघडणं. चर्चमध्ये तिन्ही एकत्र येतात ते गाण्यात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका कॉयरची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण होते, एकाला लक्षणं होती. त्यातले ५३ आजारी पडले, दोन दगावले. हे मे महिन्यात छापून आलं, तेव्हापासून मी भजनी मंडळालाही हेच सांगतो.

म्हणून मैदान उत्तम, मीस छोटं, गाणं कमी. केंद्राच्या ४ जूनच्या नियमावलीतही तेच आहे: कॉयर नको, ध्वनिमुद्रित गाणी चालतील, मूर्तीला हात नको, प्रसाद आणि पवित्र पाणी शिंपडणं नको.

ताटांची मला एवढी भीती वाटत नाही. पदार्थ पोचवण्यापेक्षा पदार्थ करायला दहा बायका एका स्वयंपाकघरात बसतात, ते जास्त धोक्याचं.

मोगरेवेल | ६ डिसेंबर, सकाळी १०:४०

डॉक्टर, तुम्ही नेमकं नाजूक जागी बोट ठेवलंत. कुलकुल एकटीने करायचा पदार्थच नाही. पिठाची गोळी नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, हजारभर तरी. सहा-सात जणी बसतो, एकीचा नवरा, दुसरीची सून, सगळ्यांचा हिशोब तिथेच होतो. नवऱ्याच्या मते गोव्याची खरी ग्रामसभा तीच.

सोलफा | ६ डिसेंबर, दुपारी १:१०

मी कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवतो. आजोबा चर्चमधल्या शाळेत मेस्तकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडे शिकले, त्यांनी मला शिकवलं, सा-रे-ग-म च्या आधी दो-रे-मी. डॉक्टर म्हणतात ते बरोबरच आहे, तरी वाचून घशात काहीतरी अडकलं.

आम्ही सध्या हे करतोय. प्रत्येकाने घरी फोनवर आपापला भाग गायचा, एकाने जोडायचा. पहिल्या प्रयत्नात सोप्रानो म्हणणारी बाय अर्धा सूर वर, बास म्हणणारा तिचा भाऊ एक ओळ मागे, मधे कुत्रा. जोडणारा मुलगा म्हणाला, कुत्रा सुरात आहे, ठेवूया.

डॉ. रातांबा | ६ डिसेंबर, दुपारी १:३०

कुत्र्याला नियमावली लागू नाही.

वसईवाला | ६ डिसेंबर, दुपारी ३:००

वसईहून हजेरी. आधी एक शंका: तुम्ही 'मीस' म्हणता, नपुंसकलिंगी? आम्ही 'मिस्सा' म्हणतो, स्त्रीलिंगी. एकोणीस वर्षांत भाषा बाटली म्हणायची (हलकेच घ्या).

आमच्याकडे धार्मिक स्थळं १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. तोवर आठ महिने यूट्यूबवर मिस्सा. आईने पहिल्या रविवारी टीव्हीसमोर पाट मांडला, डोक्यावर पदर घेतला. तिसऱ्या रविवारी पाट गेला, सोफा आला. जूनमध्ये मिस्सा चालू असताना ती मटार सोलताना दिसली. मी काही बोललो नाही. ऑनलाईनचा खरा धोका मटार आहे.

मोगरेवेल | ६ डिसेंबर, दुपारी ३:२०

माहेरी मीही मिस्साच म्हणत असे हो. सासूबाईंनी लिंग बदललं.

माप_घ्या | ६ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

मैदान किती मोठं आहे ते कोणी विचारलंच नाही. ३० मीटर बाय २० मीटर धरतो. सहा फूट म्हणजे १.८३ मीटर. आडव्या १७ खुर्च्या, उभ्या ११ रांगा, म्हणजे १८७. मधून येण्याजाण्याची वाट सोडली की एक ओळ गेली, १७६. एका घरातल्यांना शेजारी बसवलंत तर दोनशेच्या वर जाईल, पण मग कोण कोणाच्या घरातलं यावर भांडणं. मीस किती वेळा करता येईल? चार धरली तर ७०४.

मोगरेवेल | ६ डिसेंबर, रात्री ८:००

मैदान जवळजवळ तेवढंच आहे, कसं कळलं? गावात चर्चची माणसं चौदाशेच्या आसपास. म्हणजे निम्मी बसतील. म्हातारे आणि दहाच्या आतली मुलं घरी राहिली तर हिशोब जवळपास जुळतो. जुळतो म्हणजे काय, लिहितानाच कसंतरी वाटलं.

पण एकटे फादर चार मिसं करू शकतात का?

पुणेरी_पाहुणा | ८ डिसेंबर, सकाळी ११:००

धागा वाचला नाही सगळा, पण आम्ही दोन कुटुंबं २३ ते २७ गोव्यात आहोत. मिडनाईट मास 'अनुभवायला' कुठलं चर्च चांगलं? फोटो काढू देतात का? मुलांना सांता कुठे भेटेल?

रापणकार | ८ डिसेंबर, सकाळी ११:०४

सांता विलगीकरणात आहे. उत्तर ध्रुवावरून आलाय, चौदा दिवस.

कागदीबाण | ८ डिसेंबर, सकाळी ११:२०

पाहुणे, दोनशे खुर्च्यांत गावचीच म्हातारी माणसं मावत नाहीयेत. तुम्ही 'अनुभवायला' येणार म्हणजे एकाची खुर्ची जाणार. बाहेरून रोषणाई बघा, नमस्कार करा, पुढे व्हा.

पुणेरी_पाहुणा | ८ डिसेंबर, सकाळी ११:४५

इतकं तुटून पडण्यासारखं काय विचारलं? आमच्याकडे गणपतीला परदेशी लोक येतात, आम्ही मोदक देतो.

शेजारीण | ८ डिसेंबर, दुपारी १२:१०

यंदाच्या गणपतीत दिलेत का? मग. (पण कागदीबाण, जरा सौम्य. पाहुण्यांच्या पैशांवर निम्मा किनारा चूल पेटवतो, तेही खरं आहे.)

तारवटकर | ८ डिसेंबर, रात्री ९:१५

मोगरेवेलच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

मी क्रूझवर शेफच्या हाताखाली होतो. मार्चमध्ये जहाजं थांबली, घरी यायला जून उजाडला. अकरा वर्षांत डिसेंबरला गावात कधी नव्हतो. जहाजावर नाताळ म्हणजे अठरा तास ड्यूटी आणि टर्कीचा वास. आमच्या वाड्यावर यंदा असे सात तारवटी घरी आहेत. सात माणसं, हाताला काम नाही, पगार नाही, आणि सगळ्यांना सुतारकाम, वायरिंग, रंग येतो.

आम्ही ठरवलं, एक मोठा गोठा नाही. सात छोटे, प्रत्येकी एका आडवाटेला, रस्त्यावरून गाडीतून न उतरता दिसतील असे. नाचणी पत्र्याच्या ताटांत पेरून ठेवली आहे, हिरवं शेत हवं ना गोठ्याभोवती. नखेत्रं, म्हणजे चांदणीचे कंदील, आम्हीच बांबूची करतो, बाजारातलं प्लास्टिकचं नाही. बांबू फुकट आहे. स्पर्धा रद्द. बक्षिसाचे पैसे ज्या दोन घरांत हप्ते थकलेत तिथे गेले, कोणाचं नाव न घेता.

पुढच्या वर्षी बोटीवर बोलावतील की नाही माहीत नाही.

घुमट | ८ डिसेंबर, रात्री ९:४०

सात गोठे बघायला फोंड्याहून येतो. गाडीतून उतरणार नाही, वचन.

अबोलीची_लेक | १० डिसेंबर, सकाळी ६:०५

बरेच दिवस वाचतेय, आज लिहिते.

पप्पा सप्टेंबरमध्ये गेले, तेव्हा रोज आकडा वाढत होता. आठ दिवस इस्पितळात, आम्हाला भेटता आलं नाही. पुरायला चौघे आले, पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात, आणि फादर लांबून. पप्पांनी गावात निदान दोनशे जणांच्या पुरण्याला खांदा दिला असेल.

आमच्यात दुखवट्याच्या घरी त्या वर्षी नखेत्र लावत नाहीत, गोड करत नाहीत. लोकांनी आणून द्यायचं असतं. तीन महिने झाले, घरात माणूस आलेलं नाही. आजाराची भीती, मग सवय झाली. मोगरेवेल, तुम्ही ताटं थांबवलीत तर बाकीच्यांना एक वर्ष गोड कमी मिळेल. आमच्यासारख्या घरांचं तसं नाही.

मोगरेवेल | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

बाय, तुझं पोस्ट आज समितीत वाचून दाखवते. तुझी परवानगी आहे असं धरते, नसेल तर कळव.

अबोलीची_लेक | १० डिसेंबर, सकाळी ७:३४

वाचा.

मोगरेवेल | १३ डिसेंबर, रात्री १०:१५

ताटांचा वाद संपला. गावात यंदा अकरा घरं दुखवट्याची आहेत, सगळी करोनाची नव्हेत. ताटं आधी तिथे जाणार, मग हिंदू शेजारी, मग उरलेले.

करायची पद्धत: कुलकुल प्रत्येकीने आपल्या घरी, झूमवर एकत्र बसून. काल पहिली बैठक झाली. दोन तासांत एकीचा कॅमेरा छताकडे, एकीचा आवाज बंद, एकीच्या मागे नवरा बनियनवर. पण चुगल्या सगळ्या झाल्या.

बिबिंक मात्र सासूबाईच करणार. त्यांची जुनी तिजाल आहे, मातीची. खाली मंद आच आणि वर झाकणात नारळाच्या सोडणाचे निखारे, थर वरून भाजला जातो. एक थर झाला की पुढचा ओतायचा. सोळा थर म्हणजे सबंध दुपार. ओव्हनमध्ये होतं, पण त्या म्हणतात ओव्हन आंधळा असतो.

भांड्यांवर मात्र अडलंय. ताट परत येताना रिकामं येत नाही, काहीतरी घालून देतात. भांडी फिरायला नकोत म्हणून माडाच्या झावळीच्या छोट्या टोपल्या विणून घेतोय.

शेजारीण | १३ डिसेंबर, रात्री १०:३०

थांबा. टोपली परत द्यायची नाही? मग मी तिळाचे लाडू कशात घालून देऊ?

मोगरेवेल | १३ डिसेंबर, रात्री १०:३३

हाच प्रश्न समितीत चार जणींनी विचारला. उत्तर नाही.

वसईवाला | १७ डिसेंबर, रात्री ८:५०

चार मिस्सांचं उत्तर आलं. एरवी नाताळच्या दिवशी एका फादरला तीन करता येतात. काल, १६ डिसेंबरला, व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याने आदेश काढला: यंदा बिशपांनी परवानगी दिली तर नाताळ, १ जानेवारी आणि तीन राजांचा सण, या दिवशी चारपर्यंत चालतील. खुद्द पोप फ्रान्सिस यंदा २४ची मिस्सा साडेनऊऐवजी साडेसातला करणार आहेत, इटलीत रात्रीची संचारबंदी आहे म्हणून. म्हणजे मध्यरात्रच हवी हा हट्ट सोडायला हरकत नाही.

कागदीबाण | १७ डिसेंबर, रात्री ९:३०

मध्यरात्रीचा हट्ट गोव्यात आधीच सैल झालाय. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, २००० सालच्या नियमांमुळे. सरकार वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती मागत फिरायची. कित्येक ठिकाणी म्हणून मीस अलीकडे ओढलेलं आहे. आजीच्या काळचं 'मिसा दो गालु', कोंबड्याचं मीस, आता कोंबडा झोपायच्या सुमारास होतं.

आणि हो, त्या दिवशी मी पाहुण्यांवर घसरलो. मागे घेतो. निम्मं.

स्विंडनचा_बाब | २१ डिसेंबर, रात्री ११:५८

मूळचा पेडण्याचा, पहिली ते चौथी मराठीत शिकलो, म्हणून वाचता येतं. इथे इंग्लंडात, स्विंडनला, गोदामात रात्रपाळी. २३चं तिकीट होतं. नवीन प्रकारचा विषाणू सापडला म्हणून भारताने उद्या रात्रीपासून इथली विमानं बंद केली, ३१पर्यंत. बॅग भरलेली आहे. आईसाठी चॉकलेटं, भावासाठी बूट. बॅग उघडायला हात होत नाही.

स्विंडनमध्ये आमची पुष्कळ माणसं आहेत. कोणीतरी सोरपोतेल, आपलं डुकराचं मटण, करून दारात ठेवून जाईल. आठवडाभर मुरलं की चांगलं लागतं, तोवर विमानं सुरू होतील.

रापणकार | २२ डिसेंबर, सकाळी ७:००

बाब, माझं विनोदी उत्तर तयार नाही. आईचा वाडा कुठला सांग, पेडण्यात माझी बहीण आहे. बूट राहू देत, टोपली पोचेल.

वसईवाला | २२ डिसेंबर, सकाळी ९:१०

इकडेही कालच ठरलं: आजपासून ५ जानेवारीपर्यंत महापालिका हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी. आमची मिस्सा संध्याकाळी सातला, तीही पन्नास-पन्नासच्या गटाने. आई म्हणते, बरंच झालं, जेवण वेळेवर होईल. मटार सोलून ठेवलेत.

सोलफा | २३ डिसेंबर, रात्री १०:००

ध्वनिमुद्रण पूर्ण. कुत्रा ठेवला.

मोगरेवेल | २६ डिसेंबर, दुपारी ४:३०

झालं एकदाचं. अहवाल देते, कारण प्रश्न मीच विचारला होता.

मिसं चार: २४ला संध्याकाळी साडेपाच आणि आठ, २५ला सकाळी सात आणि नऊ. टोकन वाड्यावाड्याने. खुर्च्या १८०. चुन्याने गोल आखले होते, पण लोकांनी पहिल्याच मिसाला खुर्च्या अर्धा-अर्धा हात सरकवल्या. नवरा आणि दोन तारवटी जाऊन परत जागेवर ओढत होते. दारात पवित्र पाण्याची कुंडी कोरडी, शेजारी सॅनिटायझरची बाटली. एका म्हाताऱ्याने सवयीने बाटलीतलं घेऊन कपाळाला क्रूस केला. सगळ्यांनी बघितलं, कोणी हसलं नाही, मग सगळे हसले. शांतीचा हात मिळवायच्या जागी नमस्कार. शेवटी बाळ येशूच्या पायाचं चुंबन घ्यायची रांग असते, तीही नव्हती. फादर मूर्ती हातात धरून उभे राहिले, लोक मान लववून पुढे गेले. पोरं मात्र लांबून हवेत पापे फेकत होती.

आता सासूबाई. त्यांना सांगायला मी १९ तारखेपर्यंत टाळाटाळ केली. सांगितलं तेव्हा भाताची पेज ढवळत होत्या. म्हणाल्या, म्हाका कोण घरांत बसयता तें हांव पळयतां (मला कोण घरात बसवतं ते बघतेच). मग १९६१ काढलं. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, सहा दिवसांनी नाताळ, लग्नाला वर्ष झालेलं, रस्त्यावर लष्कराच्या गाड्या, तरी मीस चुकवलं नव्हतं. यावर मी काय बोलणार. शेवटी फादरनीच फोन केला. काय बोलले माहीत नाही, पाच मिनिटं नुसतं 'हय, फादर' चाललं होतं.

२४ला साडेसातपासून त्या नवी साडी, गळ्यात रोझरी, बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, दगडी बाकावर. चर्च चालत सहा मिनिटांवर आहे. समोर स्टुलावर माझा फोन, त्यावर मीस. आठ वाजता चर्चची घंटा झाली. आम्ही वाऱ्यावरून ऐकली. आणि जवळपास अर्ध्या मिनिटाने तीच घंटा फोनमधून आली. सबंध मीसभर तसंच. आधी मैदानातून ध्वनिक्षेपकावर फादरचा आवाज, मग फोनमधून तोच, मागे राहिल्यासारखा. मला वाटलं, चिडतील. त्यांनी दोन्ही वेळा उत्तर दिलं. प्रत्येक 'आमेन' दोनदा. शेवटी म्हणाल्या, फोनवाले फादर मंद आहेत, त्यांना जाऊ दे.

टोपल्या काल सकाळी. अकरा घरांकडे मी आणि समितीतल्या दोघी गेलो. फाटकावर ठेवून मागे सरायचं ठरलं होतं. नऊ घरी तसंच केलं. दोन घरी जमलं नाही, आत गेलो, मास्क लावून बसलो, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. डॉक्टर, रागवा.

डॉ. रातांबा | २६ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

दहा दिवस लक्ष ठेवा. ताप, घसा, वास जाणं. बाकी काही म्हणत नाही.

अबोलीची_लेक | २६ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

त्या दोनांतलं एक घर आमचं. मम्मीने तीन महिन्यांनी चहाचे मोठे कप काढले. धूळ बसली होती, आधी धुवावे लागले.

तारवटकर | २६ डिसेंबर, रात्री ८:२०

सातपैकी सहा गोठे उभे आहेत. सातव्यातली नाचणी कोणाच्या तरी गाईने २४ला संध्याकाळी खाल्ली. बेथलेहेममध्ये गाय असतेच, म्हणून तसाच ठेवलाय.

शेजारीण | २६ डिसेंबर, रात्री ९:००

आमच्याकडे टोपली आली. दोदोल जास्त होता. टोपली परत द्यायची नाही म्हणता, पण मी लाडू घालून तुमच्या फाटकाला अडकवून आले आहे, बघा. कावळ्यांच्या आधी.

मोगरेवेल | २६ डिसेंबर, रात्री ९:०६

सासूबाईंनी आधीच काढून आणली. तीन लाडू कमी आहेत.

पुणेरी_पाहुणा | २७ डिसेंबर, सकाळी १०:३०

परत निघालो. चर्च बाहेरूनच बघितलं, फोटो लांबून काढला, मास्कसकट. जाता जाता विचारतो, कार्निव्हल फेब्रुवारीत नक्की कधी असतो?

कागदीबाण | २७ डिसेंबर, सकाळी १०:४२

वेगळा धागा काढा.